तुमचं पांढरं औषध

बाई,

आज दवाखान्यात एक माणूस लुतीचं कुत्रं घेऊन आला आणि मला तुमची आठवण झाली. तुम्ही असता तर चष्म्यावरून बघत म्हणाला असता, "काय गं, कुत्रं बघून माझी आठवण?" हो बाई, तसंच झालं. वणीच्या या रस्त्यावर दिवसभर कोळशाचे ट्रक जातात, त्यामुळे इथल्या कुत्र्यांचा मूळ रंग कोणता ते आंघोळ घातल्याशिवाय कळत नाही. या बिचाऱ्याला तर रंग उरायला केसच नव्हते. कानाच्या कडा, कोपरं, पोट सगळं उघडं पडलेलं, कातडी जाड आणि खपल्यांची. मी त्याच्या कानाची कड दोन बोटांत धरून चोळली, तसा त्याचा मागचा पाय आपोआप हवेत खाजवायला लागला. तसा पाय हलला की मला फार काही तपासावं लागत नाही. कुत्र्याच्या मागे त्या माणसाची लहान पोरगी उभी होती आणि तीही दंड खाजवत होती. "मॅडम," तो म्हणाला, "पयले कोनाले औषध द्याचं, कुत्र्याले का पोरीले? अन् याले जंगलात सोडून देऊ काय? माही बायको म्हंते, सोडूनच दे." मी म्हटलं, "कायले सोडता? घ्या, धरा त्याचं तोंड." कुत्र्याला सुई दिली. पोरीला सरकारी दवाखान्यात दाखवा म्हटलं, पण हेही सांगितलं की कुत्र्याचा किडा माणसाला चावतो, छळतो, पण माणसाच्या अंगात घर करत नाही. कुत्रं बरं झालं की पोरीचं बहुतेक आपोआप जाईल. माणसाची खरूज वेगळी, ती माणसाकडूनच माणसाला लागते. तो माणूस गेला, आणि मी हात धुता धुता एकटीच हसत बसले. तुम्ही माझ्या खुर्चीवर असता तर कुत्र्याला, पोरीला आणि बापालाही पांढरं औषध चोपडलं असतं, आणि वर त्याचं धोतर काढून उकळायला टाकलं असतं.

तुमच्या घरी मी आले तेव्हा आठवीत होते. पांढरकवड्याच्या वसतिगृहात आम्ही पोरी एका सतरंजीवर खेटून झोपायचो. कुणी कोलामांची, कुणी गोंडांची, कुणी आमच्यासारखी बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. दिवाळीनंतर बोटांच्या बेचक्यात बारीक फोड यायला लागले. सगळ्याच खाजवत होत्या, पण गृहपालबाईंनी ओळीनं हात बघायला सुरुवात केली तेव्हा बाकीच्या शहाण्यांनी मुठी वळल्या आणि मी वेडीनं हात पसरून दाखवला. मला वाटलं औषध मिळेल. "तांड्यावर कुत्री असतील ना तुमच्याकडं?" गृहपालबाईंनी विचारलं. मी म्हटलं, हो, आमच्या घरची तीन. झालं. "कुत्र्याची लूत आहे ही. घरी जा, बरी झाली की ये."

घरी जा, याचा अर्थ मला चांगला ठाऊक होता. माझ्या आधी आमच्या तांड्यावरची एक थोरली पोरगी तापानं घरी गेली होती, ती पुन्हा दिसली तेव्हा तिच्या दंडावर लग्नाचा चुडो होता. माझ्यासाठीही काकानं स्थळ बघून ठेवलं होतं. स्थळवाल्यांना घाई होती, आणि माझी याडी, म्हणजे आई, त्यांना एकच उत्तर द्यायची, की शाळावाले ठेवतात तोवर पोरगी शाळेत राहील. आता शाळावालेच ठेवत नव्हते. मी पेटी आवरून वसतिगृहाच्या पायरीवर रडत बसले होते आणि तुम्ही सायकल हातात धरून फाटकातून आत येत होतात. तुम्ही काय झालं म्हणून विचारलं, माझे हात बघितले, आणि गृहपालबाईंना म्हणालात, "ही माझ्याकडे राहील." त्या म्हणाल्या, "अहो बाई, तुमच्या घरी लागली तर?" तुम्ही म्हणालात, "लागली तर खाजवू." हे वाक्य मी पुढं आयुष्यात कितीतरी ठिकाणी वापरलंय बाई, कधी मनात, कधी तोंडावर.

तुमच्या घराचं मागचं अंगण मला आजही तसंच्या तसं दिसतं. तो पाणी तापवायचा तांब्याचा बंब, त्याच्याशेजारी कपडे धुवायचा दगड, एक लिंबाचं झाड. आणि बंबाच्या कोमट राखेत पडलेली ती लुतीची कुत्री. कुठून तरी आली होती आणि हाकलली तरी जात नव्हती, म्हणून तुम्ही तिलाही औषध सुरू केलं होतं, करंजाच्या तेलात गंधक कालवून. माझ्यासाठी सरकारी दवाखान्यातून दुधासारखं पांढरं औषध आणलंत. मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, एक जागा सोडायची नाही. कसली आग व्हायची! मी अंगणात नाचायचे आणि तुम्ही म्हणायच्या, "नाच, नाच, किडे पण नाचून राह्यले असतील." वर्गात तुम्ही पुस्तकातलं मराठी बोलायच्या, बंबापाशी मात्र वऱ्हाडीत यायच्या, आणि मला ती बंबापाशीची बाई जास्त आवडायची. मी आणि कुत्री, दोघी उन्हात वाळत पडायचो, तिला गंधकाचा वास, मला त्या औषधाचा.

तुमच्या सासूबाई, म्हणजे आजी, स्वयंपाकघराच्या दारातून हे सगळं बघायच्या. त्यांचं सोवळं कडक. माझं ताट त्या उंबऱ्यापाशी ठेवायच्या आणि मी उचलेपर्यंत मागे सरकायच्या. "माय वं," त्या तुम्हाला म्हणायच्या, "कुत्रीपर्यंत ठीक व्हतं. आता पोरीले येगळं ताट, कुत्रीले येगळं ताट, अन् मले येगळी बादली. घर हाय का दवाखाना हाय?" पण त्या ताटात भाकरीवर तूप असायचं, आणि ते आमच्या वसतिगृहात कधी नसायचं, म्हणून मला त्यांचा राग आला नाही. तुमचे मिस्टर तहसील कचेरीतून यायचे, अंगणाकडं एक नजर टाकायचे आणि पेपर घेऊन पुढच्या खोलीत जायचे. त्यांनी काही म्हटल्याचं मला आठवत नाही. गुलाबी बनियनच्या दिवशीसुद्धा नाही.

त्या बनियनचं सांगतेच. तुम्ही शास्त्र शिकवायच्या आणि उकळण्यावर तुमचा फार विश्वास. पाणी उकळा, दूध उकळा, भांडी उकळा. एका सकाळी तुम्ही माझी पेटी उघडली आणि आतलं सगळं सोडा टाकून मोठ्या पातेल्यात उकळायला घातलं. मी शाळेतून आले तर दोरीवर माझे गणवेश गुलाबी, टॉवेल गुलाबी, तुमच्या मिस्टरांचा बनियन गुलाबी, आणि या सगळ्यांना रंग देऊन स्वतः फिकी पडलेली माझ्या याडीची ओढणी. लाल कापडाची, कवड्या आणि आरसे लावलेली. याडीनं ती लग्नाआधी स्वतःच्या हातानं भरली होती आणि मी पहिल्यांदा वसतिगृहात आले तेव्हा रडायचं थांबेना म्हणून अंगावरून काढून मला पांघरायला दिली होती. आमच्याकडं असलं कापड कुणी पाण्यात घालत नाही बाई. खाटेवर उन्हात टाकतात, झटकतात, घडी करून ठेवतात. सोड्यानं आरशांची पाठ निघून गेली होती. नुसत्या काचा राहिल्या होत्या, पलीकडचं दिसणाऱ्या. दोरे सुटून लोंबत होते. तुम्ही माझ्या तोंडाकडं बघितलंत आणि खाली बसलात. "अगं, मला कोणी सांगायचं ना," तुम्ही म्हणालात. कोण सांगणार? आज मला ठाऊक आहे की पिशवीत गच्च बांधून काही दिवस बाजूला ठेवली असती तरी चाललं असतं, तो किडा माणसाच्या अंगाबाहेर फार तगत नाही. पण तेव्हा तुम्हालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही नाही.

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी याडी आली. पोरीला वसतिगृहातून काढलं, एवढंच तिच्या कानावर गेलं होतं. ती तुमच्या गल्लीत शिरली तेव्हा तिच्या पायातल्या वाळ्यांचा आवाज मी अंगणातून ओळखला. मागच्या दारानं आली, कपडे धुवायच्या दगडावर बसली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग काही न विचारता तुम्ही स्वतःच ओढणी आणून तिच्या पुढ्यात ठेवली. "माझ्याकडून खराब झाली. मी उकळली." याडीनं ती उचलून उन्हासमोर धरली. एकेका आरशातून लिंबाचा पाला दिसत होता. "उकळली?" ती म्हणाली, "कपडा व्हय तो बाई. आलू नोहे." तुम्ही मान खाली घातलीत. शाळेत तुम्हाला मान खाली घालताना मी कधी बघितलं नव्हतं. मला एकदम तुमची फार दया आली, आणि याडीचाही फार राग नाही आला. पण ती आता मला घेऊन जाणार, हे तिच्या बसण्यावरून दिसत होतं. ती दगडाच्या अगदी कडेला बसली होती.

आणि तेवढ्यात तिनं बोटांची बेचकी खाजवली. दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्या कुशीत झोपले होते ना. तुमच्यातली मास्तरीण जागी झाली. "हात दाखवा," तुम्ही म्हणालात. बघितलं, मनगट बघितलं, आणि म्हणालात, "तुम्हालाही आहे. बांगड्यांच्या खाली तर जास्तच आहे. औषध आत्ताच लावू. या बांगड्या काढून ठेवा."

बाई, तुम्ही शिकलेल्या, कचेरीतल्या माणसाच्या घरातल्या. तुमच्या बांगड्या काचेच्या, फुटल्या की बाजारात नव्या. याडीच्या हातात मनगटापासून कोपरापर्यंत पांढऱ्या बलिया होत्या, आणि वर दंडात चुडो. लग्नात चढवल्या त्या चढवल्या. नवरा जिवंत असताना त्या हातातून उतरत नाहीत. उतरवायला सांगणं म्हणजे काय सांगणं, हे अंगणात मला समजलं, याडीला समजलं, तुम्हाला समजलं नाही. याडी उठली. तिनं ओढणी खांद्यावर टाकली, माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "चाल घरेन." चल घरी. तिची पकड इतकी घट्ट होती की मला पुढचं सगळं दिसलं, काकाचं अंगण, हळद, कुणाचं तरी घर. मी हात ओढला नाही. ओढायचं धाडस नव्हतं. फक्त तुमच्याकडं बघत राहिले, आणि तुम्ही कधी तिच्याकडं, कधी माझ्याकडं, काय चुकलं ते शोधत उभ्या.

तेव्हा स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून आजी बाहेर आल्या. "अवं," त्या तुमच्यावरच ओरडल्या, "जित्या नवऱ्याच्या बाईले बलिया काढाले सांगतं? शास्त्र शिकोतं लोकाच्या पोरीले, येवढं समजत नाही तुले?" मग त्यांनी स्वतःचे दोन्ही हात पुढं केले. उघडे, सुकलेले हात. "माह्या हाताकडं पाह्य. काढाले लावतात तवा समजते." आजी आत गेल्या, आणि आल्या त्या देवघरातलं मोरपीस घेऊन. त्यांच्या बाळकृष्णाचं. मला ताट सरकवून मागं होणाऱ्या आजींनी ते पीस तुमच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "घे. बलिया वर सरकव अन् यानं खालून लाव. काहीच काढा लागत नाही. बस वं माय, बस तू. इचं मनावर नको घेऊ."

याडी बसली. या वेळी दगडावर नीट टेकून बसली. आणि बाई, तुम्ही ओल्या फरशीवर खाली बसलात, तिचा हात आपल्या गुडघ्यावर घेतलात. साबणाचं पाणी लावून एक बलिया वर सरकवायची, पीस औषधात बुडवून खालून फिरवायचं, वाळू द्यायचं, मग दुसरी. आजी वाटी धरून शेजारी. दुपार गेली त्यात. याडीला आग होत होती, पण ती नाचणाऱ्यातली नव्हे, ती फक्त मधूनमधून फुंकर घालायची. तुम्ही विचारलंत, "घरच्या कुत्र्यांना औषध केलं का?" ती म्हणाली, "त्याईले कायचं औषध? आमचे कुत्रे मजेत हायत. एकाचाबी केस गेला नाही." तुमचं पीस हवेत थांबलं. "मग हिला कुठून लागली?" "तुमच्याच इस्कुलातून," याडी म्हणाली, "अन् कुठून?" तुम्ही इतक्या जोरात हसलात की राखेतली कुत्री उठून उभी राहिली. तिच्या पाठीवर तेव्हा नवे केस यायला लागले होते.

तिन्हीसांजेला याडी निघाली. मला न घेता. फाटकाशी ती माझ्याजवळ थांबली आणि आमच्या बोलीत माझ्याशी बराच वेळ बोलली, मग तुम्हाला हात जोडून गेली. तुम्ही विचारलंत, "काय म्हणाल्या आई?" मी म्हटलं, "तुमचं औषध चांगलं आहे म्हणाली." तुम्ही म्हणालात, "एवढं लांब बोलल्या आणि एवढंच?" मी म्हटलं, "आमची भाषाच लांब आहे." तुम्हाला ते पटलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही बाटल्या घेऊन वसतिगृहात गेलात आणि सगळ्या पोरींना एकाच दिवशी औषध लावलंत. गृहपालबाईंनी आधी नाही म्हटलं आणि मग हळूच स्वतःसाठीही एक बाटली मागून घेतली. मी परत माझ्या जागेवर झोपायला गेले. पुढं दहावी, बारावी, जनावरांच्या डॉक्टरकीचं कॉलेज. काकाचं स्थळ कुठल्या कुठं गेलं.

तुम्ही गेलात तेव्हा मी परीक्षेत होते आणि मला फार उशिरा कळलं. आल्यावर तुमच्या घरी गेले, तर मागच्या अंगणात बंब नव्हता, नळाचं गरम पाणी आलं होतं. मी लिंबाखाली थोडा वेळ उभी राहिले आणि रडून घेतलं. तेव्हापासून काही ना काही तुम्हाला सांगायचं राहून जातं. आज दवाखाना बंद केल्यावर हे लिहायला बसले. टाकणार कुठं, हा प्रश्नच आहे. टेबलाच्या खणात लसींच्या कागदांखाली राहील.

पण एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तुम्ही मोठ्या हौसेनं बाटल्या घेऊन आमच्या तांड्यावर आला होता, आठवतं? आणि एकाही बाईनं औषध घेतलं नाही. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. परतताना तुम्ही मला विचारलंत, "अगं, एवढं चांगलं औषध, यांना नको का?" तुम्हाला लागलं होतं, मला दिसत होतं. मी म्हटलं, आमचे लोक तसेच आहेत. बाई, लोक तसे नव्हते. फाटकाशी याडी मला म्हणाली होती: तुझ्या काकाला आणि त्या स्थळवाल्यांना मी सांगणार आहे, की बाईनं लाख औषध केलं पण पोरीची खरूज काही जात नाही. उलट वाढलीय. वर्षानुवर्षं जायची नाही. अशी पोरगी कोण नेतो बघते मी. तू खाजवल्यासारखं करत जा आणि शीक. सुट्टीत घरी गेले की मी पाहुण्यांसमोर हात खाजवायचे, आणि याडी कपाळाला हात लावून तुमच्या औषधाला नावं ठेवायची. तिनं ते इतकं मनापासून केलं की अजूनही तांड्यावर कुणाला खाज सुटली तर म्हातारी माणसं बजावतात, काहीही लावा, पण त्या मास्तरणीचं पांढरं औषध लावू नका. मी आता डॉक्टर आहे, माझा शब्द तिथं चालतो. तरी तुमच्या औषधाची बाजू मी तिथं आजवर घेतलेली नाही.